वही आपली, कपाट दुसऱ्याचं

बायकांनी लिहितं व्हायला हवं, असं आपण सगळ्याजणी गेली कित्येक वर्षं म्हणत आलो आहोत. शिबिरांतून म्हटलं, आठ मार्चच्या मेळाव्यांतून म्हटलं, या अंकातून तर दर तीन महिन्यांनी म्हटलं. आता बायका लिहू लागल्या आहेत. मूर्तिजापूर तालुक्यात बचत गटांच्या आणि कौटुंबिक सल्ल्याच्या कामानिमित्त मला ज्या भेटतात, त्यांतल्या पंचविशी-तिशीच्या बऱ्याच जणी मोबाइलवर मराठी कथा आणि अनुभव वाचतात; काही जणी लिहितातही. जेवणं आटोपली, भांडी झाली, पोरं झोपली की मग. एकीने सासूच्या शेवटच्या आजारपणाबद्दल लिहिलं आहे. एकीने कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल आणि त्या वर्षी घरात न आलेल्या पैशांबद्दल. हेच वहीत लिहून गादीखाली ठेवलं असतं तर कुणी वाचलं नसतं. इथे साताऱ्याची नाहीतर नांदेडची कुणी अनोळखी बाई ते वाचते आणि खाली 'माझंही असंच झालं होतं' एवढं लिहून जाते.

ही गोष्ट लहान नाही. बंगलोरला जस्मीन पाथेजा यांनी विद्यार्थिदशेत, २००३ साली, 'ब्लँक नॉइज' नावाचं काम सुरू केलं. रस्त्यावर बायकांना जो त्रास होतो, ज्याला आपण 'छेडछाड' असं हलकंफुलकं नाव देऊन मोकळे होतो, त्याबद्दलचं. २००६ च्या सात मार्चसाठी त्यांनी आवाहन केलं, की आपापल्या ब्लॉगवर सगळ्यांनी एकाच दिवशी आपला अनुभव लिहा. बायकांनी लिहिला. ज्या गोष्टी घरी सांगितल्या नव्हत्या त्याही लिहिल्या. कुठल्याही संपादकाला त्या दिवशी विचारावं लागलं नाही, की एवढ्या पानांची जागा आहे का.

तेव्हा बायकांनी ब्लॉग लिहावेत की नाही, हा वाद मी इथे घालत नाही. मला बोलायचं आहे ते, हे लिखाण ज्या जागेत ठेवलं जातं त्या जागेबद्दल. ती कोण चालवतं, तिथले नियम कोण करतं, तक्रार केली तर ती कुणाच्या टेबलावर जाते, आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी तिथे ज्या 'सुधारणा' होतात त्या कुणाला डोळ्यापुढे ठेवून होतात, हे प्रश्न आपल्या बैठकांमध्ये मी कधी ऐकलेले नाहीत. ते इंजिनिअर लोकांचे प्रश्न आहेत असं आपण धरून चाललो आहोत.

ज्या मैत्रिणी या व्यवहारापासून दूर आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ब्लॉग, ज्याला मराठीत काहींनी 'अनुदिनी' असा गोड शब्द दिला, तो लिहायला स्वतःचा कॉम्प्युटर घेऊन बसावं लागत नाही. कुणीतरी एक सेवा उभी करतं. तिचे मोठे कॉम्प्युटर कुठेतरी चोवीस तास चालू असतात, त्यांवर एक प्रोग्रॅम असतो, आणि आपण नाव नोंदवलं की त्यात आपल्याला एक खण मिळतो. लिखाण आपलं असतं. खण, कपाट आणि किल्ल्यांचा जुडगा सेवा चालवणाऱ्याचा असतो. बहुतेक वेळा हे फुकट असतं, म्हणून आपण फारसे प्रश्न विचारत नाही. फुकटात मिळालेल्या जागेबद्दल चौकशी करणं आपल्याकडे उद्धटपणाचंही समजतात.

लिखाण टिकतं की हरवतं हे लिहिणारीच्या हातात किती थोडं असतं, हे आपल्या वऱ्हाडाला नव्याने सांगायला नको. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं ते १८८२ साली. ते छापलं गेलं पुण्यात, श्री शिवाजी छापखान्यात, प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. पुढे ते पुस्तक गडप झालं. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं १९७५ साली, म्हणजे ९३ वर्षांनी. मधल्या काळात इथल्या तीन-चार पिढ्यांच्या बायकांना आपल्याच मुलखातली एक बाई एवढं सडेतोड लिहून गेली आहे हे कळायला मार्ग नव्हता. ताराबाईंच्या नावावर त्यानंतर दुसरं पुस्तक नाही. छापखाना, प्रती जपणारं कपाट, काय पुन्हा छापायचं हे ठरवणारी मंडळी, यांतलं काहीच बायकांच्या हाती नव्हतं.

आज कपाट वेगळं आहे, पण ते दुसऱ्याच्या घरात आहे ही गोष्ट तशीच आहे. 'ब्लॉगर' या सर्वांत परिचित सेवेचीच कथा घ्या. १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोत पायरा लॅब्ज या चिमुकल्या कंपनीने ती सुरू केली. कंपनी काढणारे दोघे होते, इव्हान विल्यम्स आणि मेग हूरिहान. यातल्या मेग या बाई, आणि त्यांचं नाव आज फार थोड्यांना आठवतं, हे ओघाने आलंच. लिहिणारे भराभर वाढले, पैसा मात्र येईना. २००१ च्या सुरुवातीला पगार द्यायला पैसे उरले नाहीत, मेग आणि इतर कर्मचारी बाहेर पडले, विल्यम्स एकटे उरले. नवा सर्व्हर घ्यायला लिहिणाऱ्यांकडेच वर्गणी मागितली होती आणि लोकांनी ती दिली होती. २००३ च्या फेब्रुवारीत गूगलने कंपनी विकत घेतली. वर्गणी दिलेल्यांना यात मत नव्हतं. नशिबाने ती सेवा अजून चालू आहे. सगळ्यांचं नशीब तसं नाही. याहूने जिओसिटीज् २००९ मध्ये बंद केलं, गूगलने ऑर्कुट २०१४ मध्ये. २००३ पासून पैसे घेऊन ब्लॉग चालवणारं टाइपपॅड ३० सप्टेंबर २०२५ ला बंद झालं. लिहिणाऱ्यांना मिळाला साधारण महिनाभर. शेतातल्या बाईला सोयाबीनच्या हंगामात महिनाभरात आपलं दहा वर्षांचं लिखाण उतरवून घे म्हणून सांगायचं म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा.

आणि कपाटाला कुलूप लावायला मालकच लागतो असंही नाही. २००६ च्या जुलैमध्ये आपल्या सरकारने दीडेक डझन पानांवर बंदी घालण्याचा आदेश काढला. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना नेमकी ती पानं बंद करता आली नाहीत किंवा तेवढे कष्ट घ्यावेसे वाटले नाहीत. त्यांनी ब्लॉगर, टाइपपॅड, जिओसिटीज् यांवरचे ब्लॉग सरसकट दिसेनासे केले. स्वयंपाकाच्या कृती लिहिणारीसुद्धा त्यात सापडली.

मूर्तिजापूरकरांना यासाठी अमेरिकेचा दाखला द्यायलाही नको खरं तर. आमच्या जंक्शनवरून यवतमाळला आणि अचलपूरला जाणारी शकुंतला आठवते ना? नॅरोगेजची ती गाडी आपलीच म्हणून पिढ्यान् पिढ्या लोक त्यात बसले. रूळ मात्र देश स्वतंत्र झाल्यावरही खासगी कंपनीच्याच मालकीचे राहिले आणि भारतीय रेल्वे त्या कंपनीला मोबदला देत राहिली. मार्गाची देखभाल कुणी करायची, यावर वर्षानुवर्षं नुसती पत्रापत्री. आज गाडी बंद आहे. नाव बाईचं, मालकी कंपनीची, असं आमच्या बैठकीत एकजण म्हणाली तेव्हा सगळ्या हसल्या होत्या.

मालकीचा प्रश्न सगळ्यांचाच आहे, पुरुषांचाही. आता मी बायकांच्या खास प्रश्नाकडे येते.

लाइव्हजर्नल नावाची ब्लॉगसेवा १९९९ सालीच अमेरिकेत सुरू झाली होती. तिथे लिहिणाऱ्यांत मुली आणि बायका फार मोठ्या संख्येने होत्या. २००७ च्या मे महिन्यात, लहान मुलांच्या लैंगिक शोषणाला तिथे थारा मिळतो अशी एका गटाने हाकाटी केली. हेतूबद्दल कुणाचंच दुमत असायचं कारण नव्हतं. पण कंपनीने काय केलं? लिहिणारी मंडळी आपापल्या पानावर आपले विषय शब्दांत नोंदवत असत. त्या यादीत बलात्कार, कुटुंबातलं लैंगिक शोषण असे शब्द ज्यांच्याकडे सापडले, अशी पाचशेच्या आसपास पानं एका झटक्यात बंद केली. त्यांत अत्याचारातून वाचलेल्या बायकांचे आधारगट होते. 'लोलिटा' या कादंबरीवर स्पॅनिशमध्ये चर्चा करणाऱ्या वाचकांचा गटही होता. ज्या बाईने बालपणी झालेल्या अत्याचाराबद्दल आयुष्यात पहिल्यांदा चार ओळी लिहिल्या, तिला सकाळी उठून दिसलं की आपलं नाव खोडलं आहे, आणि तेही अत्याचार करणाऱ्यांच्या यादीत घालून. आरडाओरडा झाल्यावर कंपनीच्या प्रमुखांनी दोन दिवसांत माफी मागितली, बरीच पानं परत चालू केली. पण तो निर्णय घेताना त्या खोलीत एखादी बाई बसलेली असती, जिने कधी बलात्काराच्या केसमध्ये मुलीसोबत पोलीस स्टेशनला चकरा मारल्या आहेत, तर 'हा शब्द दिसला की पान बंद' हा उपाय पाच मिनिटंसुद्धा टिकला नसता. बलात्कार हा शब्द सर्वांत जास्त वेळा कोण लिहितं? ज्यांच्यावर झाला त्या, आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या आपण.

आता माझ्या कामातलं एक. गाव आणि सेवेचं नाव मी देत नाही. बाई ओळखू येईल असं काहीही लिहिणार नाही. ती दुसऱ्या नावाने लिहायची. नवरा मारतो, सासर गप्प बसतं, माहेर म्हणतं निभावून ने, असं सगळं. चांगलं लिहायची. शिव्या नाहीत, रडणं नाही, काय झालं ते सरळ. वाचणाऱ्या बायका तिला उपाय सुचवायच्या. संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो हे तिला तिथेच कळलं, आणि त्यातूनच ती आमच्याकडे आली. मग त्या सेवेत एक 'सुधारणा' झाली. लिहिणाऱ्यांना जास्त वाचक मिळावेत म्हणून, ज्यांच्या मोबाइलमध्ये आपला नंबर साठवलेला आहे त्यांना 'तुमच्या ओळखीच्या लेखिका' म्हणून आपलं पान दाखवलं जाऊ लागलं. तिच्या दिराच्या मोबाइलमध्ये तिचा नंबर होता. नाव खोटं होतं, नंबर खरा होता. पुढचं तुम्हाला सांगायला नको. मोबाइल काढून घेतला गेला, आणि तिला चार महिने माहेरी काढावे लागले. आम्ही सेवेकडे तक्रार केली तर इंग्रजीत आपोआप निघालेलं एक उत्तर आलं, आभाराचं.

ज्या कुणी मुलाने ही सोय केली तो दुष्ट नव्हता, असंच मी धरते. त्याच्या डोळ्यापुढे कॉलेजचे मित्र असणार. मित्रांनी आपलं वाचावं असं त्याला वाटत असणार. नात्यातल्या माणसाने वाचलं तर हाड मोडू शकतं, ही शक्यता त्याच्या आयुष्यात कधी आलेलीच नाही. ज्या बाईच्या आयुष्यात ती आली आहे, ती त्या टेबलाशी नव्हती.

टोपणनावाला विरोध करणारे चळवळीतही आहेत. आपल्या नावाने ठणकावून लिहा, लपायचं कशाला, असं मला ज्येष्ठ मैत्रिणींनी ऐकवलं आहे. त्यांच्या पिढीने नावाने लिहिलं, किंमतही दिली, त्यांचा मान मोठाच. पण नावाने लिहिण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली, त्याबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि दुसरीने त्या आवडल्याची खूण केली. दोघींनाही अटक झाली. ज्या कलमाचा आधार घेतला गेला ते ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, याला या प्रकरणाचा मोठा हातभार लागला. शहरापासून दीड-दोन तासांवरच्या मुलींची ही गत. आमच्या गटातली एकजण मला म्हणाली, "ताई, मले लिवाचं हाये, पन माया नावानं नोका टाकू. माया पोरीचं लगन होऊ द्या पयले." तिला भित्री म्हणायला माझी जीभ रेटत नाही. टोपणनावाच्या आडून शिव्या देणारे पुरुषही असतात हे मान्य. पण शिव्या देणाऱ्याला त्याच्या वागण्यावरून बाहेर काढता येतं, त्यासाठी सगळ्यांची नावं चव्हाट्यावर मांडायची गरज नसते. फक्त बाहेर काढण्याचं काम रोज, नेटाने करणारं माणूस त्या जागेत लागतं.

असं काम करून दाखवलेली एक जागा मला माहीत आहे. लाइव्हजर्नलच्या त्या प्रकारानंतर, तिथेच आधी नोकरी केलेल्या डेनिस पाओलुच्ची या बाईंनी मार्क स्मिथ या सहकाऱ्यासोबत 'ड्रीमविड्थ' नावाची नवी ब्लॉगसेवा काढली. ३० एप्रिल २००९ ला ती लोकांसाठी खुली झाली. जाहिराती घ्यायच्या नाहीत हे पहिल्या दिवशी ठरवलं. ज्यांना परवडतं त्या थोडे पैसे भरतात आणि काही जादा सोयी घेतात, बाकीच्यांना फुकट. एकदम गर्दी झाली तर सर्व्हरही कोलमडेल आणि तक्रारींकडे बघणारी माणसंही, म्हणून सुरुवातीला आतल्या कुणाचं आमंत्रण असेल तरच प्रवेश, असा हिशेब ठेवला. आजही ती चालू आहे, छोटीच आहे.

मला त्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते वेगळंच. प्रोग्रॅम कुणी लिहायचे? अशा खुल्या, वर्गणी-श्रमदानाच्या पद्धतीने चालणाऱ्या कॉम्प्युटरच्या कामांत बायका किती असतात, याची पाहणी युरोपात २००६ साली झाली होती. शंभरात दीड. ड्रीमविड्थमध्ये २००९ साली हे प्रमाण तीन-चतुर्थांशाच्या आसपास होतं. या बाया आल्या कुठून? त्या आधी नुसत्या लिहिणाऱ्या होत्या. कित्येकींनी आयुष्यात एकही प्रोग्रॅम लिहिलेला नव्हता. सेवेने त्यांच्यासाठी सरावाची एक जागा तयार करून ठेवली होती, म्हणजे घरचा कॉम्प्युटर बिघडेल, मुख्य सेवा बंद पडेल, ही भीती नको. दुरुस्तीच्या कामांच्या यादीतली सोपी सोपी कामं मुद्दाम नवख्यांसाठी बाजूला ठेवली जायची. प्रश्न विचारला तर 'एवढंही येत नाही?' असं कुणी म्हणायचं नाही, हा तिथला रिवाज. सुईत दोरा ओवण्यापासून शिवणकाम शिकवावं, तसं. आपणही हेच करतो की! सहीपुरतं येणाऱ्या बाईला बँकेत नेतो, स्लिप भरायला लावतो, चुकली तर दुसरी स्लिप देतो.

बचत गटांत काम केलेल्या प्रत्येकीला माझा मुद्दा इथे नेमका कळेल. गट काढला, वीस बाया आल्या, महिना पन्नास रुपये जमू लागले. रजिस्टर कोण लिहितं? सुरुवातीला बहुतेक ठिकाणी अध्यक्षीणबाईंचा नवरा नाहीतर बारावी झालेला पुतण्या. "त्याले येते लिवता, आमाले कुठी येते?" मग कर्ज कुणाला द्यायचं हेही हळूहळू तोच ठरवतो. जिथे आम्ही दोन-दोन महिने बसून एका तरी बाईला प्रोसिडिंग आणि हिशेब लिहायला शिकवलं, तिथला गट बायकांचा राहिला. बाकीचे नावाला बायकांचे. ब्लॉगच्या सेवांमध्ये आपण आज, लिहिता येतं पण रजिस्टर पुतण्याकडे आहे, अशा अवस्थेत आहोत.

मराठीत काही झालंच नाही असं मुळीच नाही. 'मायबोली' हे संकेतस्थळ अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेत १९९६ च्या गणेश चतुर्थीला सुरू केलं. तिथे पुढे 'संयुक्ता' नावाचं फक्त स्त्रियांसाठीचं दालन झालं. त्यावरून कुरकुर झाली, ती होणारच. एसटीत बायकांच्या राखीव जागांवरूनही अजून होते. २००४ साली आलेल्या 'मनोगत'ने मराठी शुद्धलेखन तपासणारा 'शुद्धिचिकित्सक' दिला. ज्या काळात मराठी अक्षरं कॉम्प्युटरवर धड उमटतील की नाही याची खात्री नव्हती, एकाचा फाँट दुसऱ्याकडे चौकोन होऊन दिसायचा, त्या काळात हे काम करणाऱ्यांनी पदरमोड करून, नोकऱ्या सांभाळून केलं आहे. त्यांचे आभार मानायलाच हवेत.

पण शुद्धलेखनावरून मला दुसरं एक सुचतं. आजच्या कुठल्याही मोबाइलवर वऱ्हाडीत लिहून पाहा. 'मले' लिहिलं की खाली लाल रेघ, किंवा त्याचं आपोआप भलतंच काहीतरी होतं. 'काऊन' लिहिलं की लाल रेघ. 'हाये'ला लाल रेघ. शाळेत गुरुजींनी जी लाल रेघ मारली म्हणून वही बंद केली, ती पुन्हा हजर. माझ्या ओळखीच्या एका बाईने स्वतःच्या आजीचं बोलणं पुण्याच्या भाषेत भाषांतर करून टाकलं, कारण यंत्र सारखं चूक दाखवत होतं. आजी 'मला भूक लागली आहे' म्हणाली असं वाचल्यावर मला ती आजी दिसेचना. ही रेघ काढणं काही अवघड काम नव्हे. शब्दांच्या यादीत शब्द घालायचे असतात. त्या यादीला वऱ्हाडी, अहिराणी, झाडीबोली बोलणारी बाई लागते. यादी करणाऱ्यांना ती कुठे भेटणार? आपण नेऊन बसवल्याशिवाय ती तिथे पोचणार नाही.

अमरावती, नागपूर, पुणे इथली इंजिनिअरिंगची मुलं-मुली आज नव्या नव्या सेवा काढताहेत, मराठीतही. त्यांच्यापैकी कुणी हा अंक वाचत असेल, निदान कुणाची आई-मावशी वाचत असेल, म्हणून सांगते. सेवा तरुण असते तेव्हाच या गोष्टी करता येतात. दहा लाख लोक आले की मग प्रत्येक बदलाला समिती लागते. नंबर मागितलात तर तो कुणाला दिसणार नाही एवढी तजवीज करा, आणि बाईच्या पानाकडे तिच्या नातलगांना स्वतःहून नेऊन सोडू नका. तिने 'पुसून टाक' म्हटलं की खरोखर पुसा, आणि 'सगळं एकत्र दे' म्हटलं की एका फाइलमध्ये द्या. २०२१ च्या सरकारी नियमांप्रमाणे तक्रार अधिकारी नेमावाच लागतो. तो किंवा ती मराठीत फोन उचलणारी असावी. आणि नवी सोय सुरू करण्याआधी ती चार अशा बायकांना दाखवा ज्यांचा मोबाइल घरात आणखी कुणीतरी तपासतं. कॉलेजच्या मैत्रिणींना दाखवून भागणार नाही. आम्ही तालुक्याला बसलो आहोत, दाखवायला या, चहा आमच्याकडे.

पैशाचं काय, असं ती मुलं विचारतील, आणि तो प्रश्न रास्त आहे. फुकट सेवा जाहिरातीवर चालते, जाहिरात माहितीवर चालते, आणि माहिती म्हणजे कोण बाई रात्री अकरा वाजता काय वाचते ते. दुसरा मार्ग वर्गणीचा. आपला हा अंक वर्गणीवरच चालतो, कधी रडतखडत, पण कुणी विकत घेऊन बंद केलेला नाही. भिशी, गट, वर्गणी हे व्यवहार बायकांना नवे नाहीत. वर्षाला शंभर रुपये द्यायला लिहिणाऱ्या सगळ्याजणी तयार होणार नाहीत हे मला माहीत आहे. पाचातली एक झाली तरी बाकी चौघींचा खण चालू शकतो, असा हिशेब मांडून पाहायला काय हरकत आहे? मांडल्यावर तो जमला नाही तर तेही अंकात छापू.

आपल्या बाजूचीही कामं आहेत. आपल्या संघटनांच्या शिबिरांत कथालेखन, पत्रलेखन, पथनाट्य असतं. सेवा कशी चालते, तिचे नियम कसे वाचायचे, आपलं लिखाण उतरवून कसं घ्यायचं, हे नसतं. ब्लॉगर आणि वर्डप्रेस या दोन्हीकडे आपला सगळा मजकूर एका फाइलमध्ये घेता येतो, ही सोय कित्येक वर्षांपासून आहे, आणि मी विचारलेल्या लिहित्या बायकांपैकी कुणालाही ती माहीत नव्हती. बी.सी.ए. झालेल्या मुली आता तालुक्यातही आहेत. त्यांना आपण बॅनरवरची अक्षरं टाइप करायला बोलावतो.

मूर्तिजापूरला आम्ही दोन दिवसांची बैठक ठेवतो आहोत, दिवाळीनंतर, कापूस वेचणीतून सवड मिळेल त्या बेताने. तारखा गटांच्या मासिक सभेत ठरतील. पहिल्या दिवशी फक्त आपापलं लिखाण उतरवून घ्यायचं आणि पेन ड्राइव्हवर ठेवायचं. दुसऱ्या दिवशी बी.सी.ए.च्या दोन मुली छोटं पान कसं बनतं ते दाखवणार आहेत, आणि वऱ्हाडी शब्दांची यादी करायला घ्यायची आहे. म्हाताऱ्या बायकांना मुद्दाम घेऊन या, यादीला त्याच लागतील. येताना मोबाइल, चार्जर आणि पेन ड्राइव्ह आणावा. पेन ड्राइव्ह नसेल तर इथे दोघींत एक देऊ. दुपारची लाइट जाते, म्हणून सकाळी नऊला सुरू करायचं ठरलं आहे. जेवण केंद्रातच आहे.